माझ्या लेकासोबत कौन्सेलिंग सेंटरला गेलेल्या ताईला

प्रिय ताई,

अनेक आशीर्वाद.

हे पत्र मुलाला विचारूनच सगळ्यांसाठी लिहिते आहे. फोनवर तुझे आभार मानले होते, पण तू नेमकं काय केलंस ते नाशिकमधल्या ज्या घरांतून यंदा मुलं बाहेर शिकायला निघालीत, त्यांनाही कळायला हवं.

मागच्या हिवाळ्यात त्याचा फोन आमच्या जेवणाच्या वेळेला यायला लागला. इथे दुपारचा एक, म्हणजे तिकडे अमेरिकेत रात्रीचे अडीच. कॅमेरा बंद, आणि ‘हो’, ‘बरं’ यापलीकडे शब्द नाही. मखमलाबादला बसून मला काय दिसणार? तुला दिसलं. तो वर्गात येत नाही, डबा तसाच पडून राहतो. तू त्याला उपदेश केला नाहीस. सरळ म्हणालीस, “उद्या युनिव्हर्सिटीच्या कौन्सेलिंग सेंटरला जाऊ. मी येते बरोबर.”

त्याला धास्ती व्हिसाची आणि घरी कळवतील याची. जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर तिथलं बोलणं बाहेर जात नाही, हे तू त्याला समजावलंस. काय सांगायचं ते आदल्या रात्री दोघांनी कागदावर काढलंत: झोप नाही, घर तारण ठेवून कर्ज काढलंय, नापास झालो तर घरी काय तोंड दाखवू.

तिथे आधी एक फॉर्म भरायचा होता. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, कशात मन लागतं का. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा. त्याचा हात तिथे थांबला. तू मान दुसरीकडे वळवलीस, त्याला खरं लिहिता यावं म्हणून. हे त्याने मला खूप नंतर सांगितलं. ताई, या एका गोष्टीसाठी मी तुझी जन्माची ऋणी आहे.

विषयांचा नियमही तूच शोधून दिलास. अमेरिकेच्या एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पूर्ण विषय घ्यावे लागतात, पण तब्येतीचं कारण असेल, आणि मनाचा आजारही त्यात येतो, तर डॉक्टर किंवा परवानाधारक क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या पत्रावर एका पदवीच्या काळात एकूण १२ महिन्यांपर्यंत सवलत मिळते. फक्त आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसची मंजुरी घ्यायची, विषय नंतर सोडायचा. उलटं केलं तर व्हिसा खरोखर अडचणीत येतो. पालकांनो, हे लिहून ठेवा. एजंटने आम्हाला बँक, तिकीट, सिमकार्ड सगळं सांगितलं, हे नाही.

त्याने एक विषय कमी केला, आठवड्याला बोलायला जात राहिला. आता झोपतो, भांडतो, डाळीत मीठ किती घालू ते विचारतो.

आणि इकडे माझीही झोप उडाली होती, तेव्हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तूच पाठवलास. सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मी बोलले.

आमच्या गल्लीतली दोन मुलं ऑगस्टमध्ये तुमच्याच युनिव्हर्सिटीत येतायत. त्यांच्या आयांना तुझा नंबर देऊ का, तेवढं कळव.

तुझी,
त्याची आई