मंत्रिमहोदय, 'कोणता उंदीर?' हेही विचारा

मा. विज्ञान व संशोधन मंत्री यांस,

स. न. वि. वि.

सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्राणीप्रयोगांबाबत एकच मागणी आहे. अनुदान देताना 'उंदीर, अमुक नग' एवढ्यावर भागवू नका. स्ट्रेन (म्हणजे एकाच वंशातून पैदास केलेला वाण) कोणता, उपस्ट्रेन (त्या वाणाची शाखा) कोणता, प्राणी कुठल्या पैदास केंद्रातून येणार, हे प्रस्तावातच लिहून घ्या.

ही कारकुनी हौस नव्हे. प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या सी५७बीएल/६ उंदरांच्या 'जे' आणि 'एन' अशा दोन शाखा आहेत. शेजारी ठेवले तर ओळखू येणार नाहीत. पण 'जे'मध्ये एनएनटी या जनुकाचा एक तुकडाच गळालेला आहे. मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांना, एनएडीपीएच हा रासायनिक क्रियांना लागणारा रेणू पुरवण्यात या जनुकाच्या प्रथिनाचा हात असतो. मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीत कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिकोस्टेरॉन हे तणावाचे संप्रेरक घडते, त्याची पहिली आणि शेवटची पायरी मायटोकॉन्ड्रियातच, याच एनएडीपीएचवर चालते. म्हणून 'जे'मध्ये हे संप्रेरक कमी बनते. माणसांतही हे जनुक बिघडले तर कॉर्टिसॉल (माणसातले तसेच संप्रेरक) अपुरे पडते, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. आता तणावावरच्या प्रयोगात जनुक बदललेला गट 'जे'चा आणि तुलनेसाठी ठेवलेला, जनुक न बदललेला नियंत्रण गट 'एन'चा निघाला, तर दिसलेला फरक नेमका कशाचा म्हणायचा?

रॅटमध्येही (मोठ्या जातीच्या उंदरांत) तेच. स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूच्या पेशीभित्तिकेचे कण टोचले की लुईस स्ट्रेनच्या रॅटचे सांधे सुजतात, फिशर स्ट्रेनचे फारसे नाही. फिशरमध्ये दाह सुरू होताच कॉर्टिकोस्टेरॉन भरभरून स्रवते, लुईसमध्ये हा प्रतिसाद मंद असतो. १९८९ मध्ये संशोधकांनी फिशरमधले या संप्रेरकाचे ग्राही (पेशीत त्याचा संदेश झेलणारी प्रथिने) औषधाने अडवले, तेव्हा तेही आजारी पडले. सुजेवरचे औषध केवळ लुईसवर तपासून 'गुणकारी' ठरवणाऱ्यांना पैसे देण्याआधी हे ठाऊक असलेले बरे. मिठाने रक्तदाब चढणाऱ्या आणि न चढणाऱ्या डाहल रॅटच्या दोन स्ट्रेनमध्ये तर स्टेरॉइड (कॉर्टिकोस्टेरॉनसारखी संप्रेरके) घडवणारे एक विकरच (एन्झाइम) वेगवेगळे असते.

प्राणीप्रयोगांची माहिती कशी द्यावी हे सांगणाऱ्या 'अराइव्ह' मार्गदर्शक तत्त्वांच्या २०२० च्या आवृत्तीत उपस्ट्रेन नोंदवणे अपेक्षित आहेच. पण ते शोधनिबंध लिहिताना. तोवर प्राणी मारून झालेले असतात आणि निधीही संपलेला असतो. चाळणी लावायची तर अनुदानाच्या दारातच.

एका स्ट्रेनवरचा निष्कर्ष दुसऱ्यावर पडताळायला हवा; पण दुसरा स्ट्रेन घेतला की खर्च वाढतो, अशी कुरकुर होईल. खर्च खरेच वाढतो. म्हणून सरसकट सक्ती नको. तणाव, दाह, रक्तदाब किंवा चयापचय मोजणाऱ्या प्रस्तावांना दुसऱ्या स्ट्रेनवरील पडताळणीसाठी वेगळी रक्कम मागण्याची सोय ठेवा, आणि नियंत्रण गट त्याच उपस्ट्रेनचा असल्याची लेखी हमी संस्थेकडून घ्या. पुढच्या अर्जफेरीपासून हे करता येईल.

कळावे,
प्रयोगशाळेत काम करणारा एक नागरिक