कॅच सुटला होता, हे खरे

महोदय,

न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये बेसबॉल बघताना डुलकी लागलेल्या प्रेक्षकावरचा आपला कालचा लेख वाचला. लेखकमहाशयांना फारच गुदगुल्या झालेल्या दिसतात. सामन्यात झोपला, समालोचक हसले, तर म्हणे एक कोटी डॉलरचा दावा! दावा फेटाळला गेला, मान्य. समालोचक खोटे बोलले नव्हते, गृहस्थ २०१४ च्या त्या सामन्यात खरोखरच झोपले होते. पण 'लठ्ठ', 'मठ्ठ' असली विशेषणे शुलमन-क्रुक या समालोचक जोडीने दिलीच नव्हती. ती दिली इंटरनेटवरच्या जनतेने. आपल्या लेखात हे एका ओळीत उरकले आहे. खरी गोम तिथेच आहे.

अनुभवाने सांगतो. १९९८ साली गावच्या टेनिस बॉल स्पर्धेत फायनलला मी लाँगऑनला उभा होतो. मावळतीचे ऊन थेट डोळ्यांत (हे कोणी लक्षातच घेत नाही). कॅच सुटला. भोंग्यावरून समालोचक म्हणाला, "हात हाय का चाळण?" तो एकदाच म्हणाला आणि बक्षीस समारंभ उरकून आपल्या गावी गेला. आमच्या गावाने मात्र ते आजतागायत सोडलेले नाही. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीत माझे खाते 'चाळण' या नावाने आहे. मुलाच्या लग्नात व्याह्यांनी भर मांडवात विचारले, "चाळणकाका ते आपणच का?" वकील मित्राला म्हटले, काही करता येईल का? तो म्हणाला, "कॅच सुटला होता ना? मग?" आणि तोही हसला.

जडेजाचे बरे असते. मांजरेकरांनी डिवचले, त्याने ट्विटरवर सुनावले, वर २०१९ च्या वर्ल्ड कप उपांत्य सामन्यात ७७ धावा काढल्या (सामना गेला, ते सोडा). मला पुढच्या वर्षी संघातच घेतले नाही. तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाच्या हातात तर बॅटही नसते.

आणि संपादकसाहेब, लेखासोबत त्याच गृहस्थाचा झोपलेला फोटो चार कॉलमी छापून खाली 'अमेरिकेतला कुंभकर्ण' लिहायची काय गरज होती? तेवढ्या जागेत जिल्हा कबड्डीचा निकाल नीट बसला असता. तो तीन ओळींत, आणि त्यातही आमच्या तालुक्याचे नाव चुकलेले!

पत्र छापल्यास नाव देऊ नये. गावही नको, लगेच ओळखतील.

आपला,
एक जुना वर्गणीदार