ताई, तुमचे आभार सगळ्यांसमोर

ताईंना सप्रेम नमस्कार,

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही चहा ठेवायला उठता. म्हणून हे लिहून काढलं, आणि चारचौघांत. नाव मात्र लिहीत नाही. आमच्यासारख्यांसाठी तुम्ही कितीतरी सासरच्यांचा रोष अंगावर घेतलाय, त्यात माझी भर नको.

मी माहेरी आले तेव्हा आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, तोंडावर होती. चोपडा तालुक्यातलं आमचं गाव. झाडांना झोके बांधलेले, गौराईची गाणी चाललेली. सण झाला, बाकीच्या लेकी सासरी गेल्या, मी गेले नाही. मग बोलणी सुरू झाली. पोलीस ठाण्यात गेलो तर 'घरचं भांडण घरात मिटवा' म्हणून परत पाठवलं. आप्पा खचले.

अशात तुम्ही आलात. घर माणसांनी भरलेलं होतं, तर 'चल, मळा दाखव' म्हणालात. केळीच्या बागेत बांधावर बसून मी मारहाणीचं सांगितलं, नवरा शिलाईचे पैसे काढून घ्यायचा तेही सांगितलं. रात्रीचं सांगवेना. तुम्ही खोदून विचारलं नाहीत. बराच वेळ गप्प बसलात आणि मग सांगितलंत, की 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मारहाण, टाकून बोलणं, पैशाची कोंडी यांच्याबरोबर लैंगिक छळही धरलाय, आणि तो नवऱ्याने केला तरी धरलाय. सज्ञान बायकोवर नवऱ्याने केलेल्या बळजबरीला आपला फौजदारी कायदा अजून बलात्कार मानत नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत. पण कोर्टाकडे संरक्षण मागता येतं, म्हणालात. जे मी आईलाही सांगितलं नव्हतं, त्याला अन्याय म्हणणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं. मी अहिराणीत बोलत गेले, रडत गेले. त्या दिवशी तुम्ही वही उघडलीच नाहीत.

वही उघडली ती नंतर, मी हो म्हटल्यावर. त्याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकारी मॅडमकडे अहवाल लिहून घेताना तुम्ही शेजारी होतात, पण माझ्या वतीने एक शब्द बोलला नाहीत. वकिलाचे पैसे कुठून आणायचे ही आप्पांची काळजी. बाईमाणसाला, तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवेतून वकील फुकट मिळतो, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

स्त्रीधनाची यादी करायला बसलो तो दिवस आठवतो का? दागिने झाले, शिलाई मशीन झालं, भांडी झाली. आई दारातून हळूच म्हणाली, "ते खापर बी लिखी ल्या." पुरणाचे मांडे भाजायचं खापर, मातीचं. मला लाज वाटली, कोर्टात कोणी खापर मागतं का? तुम्ही मान वरही न करता लिहिलंत: मातीचे खापर, एक नग. पुढे आदेश झाला, पोलीस बरोबर घेऊन सामान आणायला गेलो, तेव्हा तुम्ही ती यादी ओळीने वाचलीत. खापर निघालं गोठ्यात, कडबाकुट्टीखाली. ते तुम्ही स्वतः फडक्यात गुंडाळलंत.

आणि तारखा! कायदा म्हणतो, पहिल्या तारखेपासून 60 दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न करावा. आमचं तसं झालं नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात दिवसदिवस बसणं, आणि पुकारा होऊन पुढची तारीख. दीर समोर येऊन टक लावून बघायचा. तुम्ही त्याला काही बोलायचा नाहीत. फक्त उठून माझ्या या बाजूची त्या बाजूला बसायचात, त्याला मी दिसणार नाही अशा. याचा तुम्हाला कोणी छदाम देत नाही. घरची शेती, गुडघेदुखी, सगळं मागे ठेवून एसटीने येणं. हे काम किती मोठं आहे ते बाहेरून कळत नाही, म्हणून मी सांगतेय.

हे वाचणाऱ्या एखादीला गरज असेल तर 181 हा महिलांचा हेल्पलाइन नंबर आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर.

आता एक विचारायचं होतं. यावलकडची एक मुलगी माझ्याकडे ब्लाऊज शिवायला येते. काल ती बराच वेळ बसली, उठेना. बोलली काहीच नाही. मी घाई केली नाही. ती बोलली आणि जायचं म्हणाली, तर तिच्यासोबत मी जाईन. तेवढं संरक्षण अधिकारी मॅडमना माझं नाव सांगून ठेवा.

तुमची,
चोपड्याकडची लेक