धर्मग्रामाचा इतिहास नोंदवह्यांत शोधावा

वाळूज परिसरातील कॅथलिक धर्मग्रामाच्या (म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या भाविकांच्या समुदायाच्या, पॅरिशच्या) वाटचालीवरील आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. इमारतीचा आणि धर्मगुरूंचा तपशील त्यात चांगला आला आहे. मात्र हा धर्मग्राम कारखान्यांमागोमाग परप्रांतांतून आलेल्यांनीच वाढवला, हा सूर पटत नाही. औरंगाबाद धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतील अनेक धर्मग्रामांचा प्रदेश) १९७७ मध्ये अमरावतीतून वेगळा झाला, पण वैजापूर-गंगापूरकडच्या गावांत ख्रिस्ती कुटुंबे त्याच्या कितीतरी आधीपासून नांदत होती आणि औद्योगिक वसाहत उभी राहिल्यावर पोटापाण्यासाठी शहराच्या कडेला आलेल्यांत तीही होती. हे पडताळणे अवघड नाही. बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवणे प्रत्येक धर्मग्रामाला बंधनकारक असते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईवडिलांची नावे असतात आणि पुढे त्या व्यक्तीचा विवाह दुसऱ्या धर्मग्रामात झाला, तरी त्याची नोंद मूळ गावच्या वहीत तिच्या नावाशेजारी समासात केली जाते. गाव सोडून गेलेल्यांचा इतका नेटका माग सरकारी दप्तरातही क्वचितच लागेल. वाळवी आणि ओल लागण्याआधी धर्मप्रांताने या जुन्या वह्यांच्या छायाप्रती करून घ्याव्यात आणि खासगीपणाची काळजी घेऊन त्या अभ्यासकांना पाहू द्याव्यात.

– एक वाचक, वाळूज