परीक्षेच्या आदल्या दिवशी संवाद

परीक्षेच्या ताणाविषयी विद्यार्थ्यांशी संवाद साधणाऱ्या पंतप्रधानांच्या ‘परीक्षा पे चर्चा’ कार्यक्रमावर उमटलेल्या उलटसुलट प्रतिक्रिया वाचल्या. स्तुती आणि टीका दोन्हींत वेळापत्रकाचा मुद्दा सुटला आहे. २०२५ मधील पहिला भाग १० फेब्रुवारी रोजी झाला. महाराष्ट्रात तो बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षांचा शेवटचा दिवस होता आणि दुसऱ्याच दिवशी इंग्रजीची लेखी परीक्षा होती. मानसिक स्वास्थ्यावरचा भाग तर १२ तारखेला, म्हणजे परीक्षा सुरू झाल्यावर आला. पुरेशी झोप, वेळेचे नियोजन, लिहिण्याचा सराव हे सल्ले योग्यच आहेत. पण जागरणाची सवय एका रात्रीत मोडत नाही आणि तीन तासांची प्रश्नपत्रिका वेळेत सोडवण्याचा सराव व्हायला काही आठवडे लागतात. आदल्या दिवशी असे सल्ले ऐकले की ‘आपले हे राहूनच गेले’ ही धास्ती तेवढी वाढते. हा संवाद दिवाळीच्या सुट्टीनंतर, नोव्हेंबरच्या अखेरीस व्हावा. तेव्हा प्रथम सत्राचे गुण हाती असतात, पूर्वपरीक्षा पुढे असते आणि शिक्षकांनाही वर्गात पाठपुरावा करता येतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने राज्य मंडळांची वेळापत्रके पाहूनच पुढील कार्यक्रमाची तारीख ठरवावी.

— एक शिक्षक, पुणे