उघड्या फिल्टरने ताकद वाढत नाही

संपादक महोदय,

पिकअप वाढवण्यासाठी एअर फिल्टरचा मूळ डबा काढून बॉनेटखाली शंकूच्या आकाराचा उघडा (कोन) फिल्टर बसवण्याची टूम सध्या जोरात आहे. त्याने आवाज वाढतो, ताकद बहुधा घटते. मूळ डब्याची नळी पुढच्या जाळीमागून बाहेरची हवा घेते. उघडा फिल्टर रेडिएटरमागची गरम हवा ओढतो. हवा साधारण ३ अंश सेल्सियसने तापली की घनता सुमारे १ टक्का घटते, म्हणजे तेवढा ऑक्सिजन कमी. शिवाय तेल लावलेल्या कापडी फिल्टरचे जास्तीचे तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसते आणि इंधनाचा हिशोब चुकतो.

खरा अडथळा पुष्कळदा मूळ भागांतच सापडतो. धुळीच्या रस्त्यावर कागदी फिल्टर कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या बराच आधी तुंबतो. तो धुऊ नये. हवा मारायचीच तर कमी दाबाने, आतून बाहेर. रबरी कडा खोबणीत नीट बसली नाही तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते.

हवा मोजणारा सेन्सर आणि इंजिन यांच्यामधल्या नळीला चीर गेली की पेट्रोल गाडीचे आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) वर-खाली होते. टर्बो डिझेलमध्ये इंटरकूलरची (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाची) नळी सुटली तर काळा धूर येतो, ओढ जाते. (अशा वेळी नळी आवळणारा क्लॅम्प न तपासताच टर्बो बदलायला सांगणारे महाभागही आहेत.) थ्रॉटल बॉडीतली (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप असलेल्या भागातली) काजळी थ्रॉटल क्लीनर आणि मऊ कापडाने पुसावी, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने ढकलू नये, आतले प्लास्टिकचे गिअर तुटू शकतात. नंतर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने आयडल पुन्हा सेट करावे लागते.

– एक वाचक, नाशिक