पेचकस बाजूला ठेवायचा असेल तर

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

विमानाच्या पंखांवर आणि पवनचक्कीच्या पात्यांवर बर्फ धरू न देणाऱ्या निसरड्या लेपाविषयीचा लेख आपल्या रविवारच्या अंकात वाचला. आमच्या चहाच्या टपरीवर त्यावरून चांगलाच हशा झाला. साक्रीकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आहेत खऱ्या, पण त्यांच्यावर बर्फ कुठला? मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणारा आपला मुलूख! सगळ्यात जास्त हसला तो एक केळीवाला. त्याच्याच कोल्ड रूमची बर्फाने बुजलेली कॉइल (गारवा देणारी नळ्यांची जाळी) मी त्या आठवड्यात पाणी मारून मोकळी केली होती.

कूलिंगच्या कामात मला ३४ वर्षं झाली. सुरुवात भुसावळच्या एका बर्फाच्या कारखान्यात. तिथे मिठाच्या गार पाण्यात पत्र्याचे डबे बुडवून लादी धरवायची. डबा वर काढला की आधी साध्या पाण्याच्या टाकीत बुडवायचा, मग उलटा करायचा. मी उतावळा, लोखंडी दांड्याने डबाच बडवला. मिस्त्री ओरडले, "ठोकू नको रे भो, त्याले पानी दाखव." साध्या पाण्याने पत्र्यालगतचा बर्फ केसभर वितळतो आणि त्या ओल्या थरावरून लादी सुळकन बाहेर येते. मी पोचे पाडलेल्या डब्यांत मात्र ती कायम अडकायची.

लेखातली निम्मी गोष्ट हीच आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी २०११ मध्ये घटपर्णीवरून हीच युक्ती उचलली. आपल्याकडे ही कीटकभक्षी वनस्पती मेघालयात सापडते. तिच्या कलशाचा काठ ओला आणि इतका निसरडा, की मुंगी घसरून थेट आत पडते. त्यांनी सच्छिद्र पृष्ठभागात पाण्यात न मिसळणारं तेलासारखं द्रव मुरवलं. म्हणजे लादी सोडवणारा तो ओला थर कायमचा बसवून टाकला.

केळीच्या पानावर पाणी ठरत नाही, तसा मेणचट लेप दिला की झालं, असं वाटेल. तसं होत नाही. पानावरची पांढुरकी भुकटी अंगठ्याने पुसा, पाणी तिथेच पसरतं. शिवाय कोल्ड रूमच्या दमट हवेत दव त्या बारीक उंचवट्यांच्या आत शिरून गोठतं आणि बर्फ उलट जास्त घट्ट बसतो.

कॉइलच्या फिन्समध्ये, म्हणजे नळ्यांवरच्या पातळ पट्ट्यांमध्ये, बर्फ भरला की हवा कोंडते, गारवा मालापर्यंत पोचत नाही, मशीन थांबायचं नाव घेत नाही. मग डीफ्रॉस्टचा, म्हणजे बर्फ वितळवायचा, हीटर लावायचा. म्हणजे वीज जाळून खोली गार करायची, वीज जाळूनच तिच्यात उष्णता सोडायची आणि ती पुन्हा बाहेर ओढायची! आइस्क्रीमच्या दुकानांत तर बर्फ खरवडायला थेट पेचकस चालतो. दर उन्हाळ्यात पेचकसाने भोक पडलेले, गॅस गेलेले फ्रीझर माझ्याकडे येतात. माझी कमाई त्यावर होते हे कबूल, पण बघवत नाही.

माझी शंका टिकाऊपणाबद्दल आहे. मुरवलेलं तेल दर डीफ्रॉस्टच्या पाण्याबरोबर थोडं थोडं निघून जाणार. ते केळीवर ठिबकलं तर? मिशिगन विद्यापीठात अनिश तुतेजा यांच्या गटाने २०१६ च्या सुमारास रबरासारखे लेप पुढे आणले, ते मला जास्त पटतात. बर्फाची पकड २० किलोपास्कलच्या खाली आली, तर तो स्वतःच्या वजनाने किंवा वाऱ्याने सुटतो, असा हिशोब आहे. पण प्रयोगशाळेतला पत्रा वेगळा आणि सावद्याची धूळ बसलेली, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतली जाणारी कॉइल वेगळी. आणि गॅस कमी असेल किंवा दाराचं रबर फाटलं असेल, तर कुठलाही लेप काही करणार नाही. ते आधी बघा.

जळगाव-धुळ्याच्या अभियांत्रिकी कॉलेजांनी आणि आयटीआयनी हे इथेच तपासावं. माझ्या दुकानात एकाच मापाचे दोन जुने डीप फ्रीझर पडून आहेत. एकाला लेप द्या, दुसरा तसाच ठेवा. दोघांना वेगळे मीटर लावा, वितळलेलं पाणी मोजा, शंभर डीफ्रॉस्टनंतर लेपावर नख ओढून बघा. फ्रीझर मी फुकट देतो, गॅसही भरून देतो. विजेचं बिल तेवढं कॉलेजने भरावं.

आपला,
एक कूलिंग मेकॅनिक, सावदा (ता. रावेर)